तिबेटी लोककथा वाचताना तात्पर्य कुठे शोधायचं?

प्रश्न असा आहे: तिबेटी लोककथांचा एक इंग्रजी संग्रह वाचून झाला. काही गोष्टींत लबाड जिंकतो आणि त्याला शिक्षाही होत नाही, काही गोष्टी मध्येच तुटल्यासारख्या संपतात, काहींत बोध काय तेच हाती लागत नाही. या गोष्टींतून नेमकं काय घ्यायचं, आणि घरातल्या मुलांना मराठीत सांगायच्या तर कशा सांगायच्या?

आधी थोडक्यात उत्तर. तिबेटी गोष्ट कोणत्या जातीची आहे हे पाहिल्याशिवाय तिचा बोध काढायला बसू नका. इसापनीतीमुळे आपल्याला सवय लागली आहे की गोष्ट संपली की खाली जाड अक्षरांत ‘तात्पर्य’. तिबेटीत मात्र गोष्टीला एकच शब्द नाही. ‘डुंग’ म्हणजे रंगवून सांगायची गोष्ट, ‘पे’ म्हणजे दाखला, ‘क्येरब’ म्हणजे जातक, अर्थात बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा, आणि ‘नमथर’ म्हणजे सत्पुरुषाचं चरित्र. दाखल्यात बोध आधी येतो आणि गोष्ट त्याच्या मागून. जातकात बोध बहुतेकदा गोष्टीच्या बाहेर असतो: ती कोणाला आणि कोणत्या भांडणावरून सांगितली, त्यात. आणि डुंगमध्ये तो ऐकणाऱ्याच्या तोंडात असतो. हे शेवटचं वाक्य चमत्कारिक वाटेल, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तिबेटात ‘रोडुंग’ नावाचं कथाचक्र आहे. ‘रो’ म्हणजे प्रेत. प्रेताने सांगितलेल्या गोष्टी. मराठी वाचकाला लगेच वेताळ पंचविशी आठवेल, आणि ते बरोबरच आहे, कारण मूळ तेच आहे. भारतातलं हे कथाचक्र तिबेटात गेलं, तिथून मंगोलियात आणि पुढे व्होल्गाकाठच्या काल्मिक लोकांपर्यंत पोचलं. वाटेत गोष्टी जवळजवळ सगळ्या बदलल्या, चौकट मात्र टिकली. 13 गोष्टींची प्रत मिळते, 21 ची मिळते, 24 चीही मिळते, त्यामुळे ‘मूळ किती?’ या वादात पडू नका.

चौकट अशी. सात जादूगार भाऊ असतात. त्यांच्याकडे दोन भाऊ जादू शिकायला राहतात. थोरल्याला वर्षानुवर्षं काही शिकवलं जात नाही. धाकटा फटीतून डोकावतो आणि सगळी विद्या उचलतो. जादूगार त्याच्या जिवावर उठतात. तो घोडा होतो, मासा होतो, कबुतर होतो आणि शेवटी गुहेत ध्यानाला बसलेल्या नागार्जुन या बौद्ध आचार्याच्या आसऱ्याला येऊन त्याच्या जपमाळेतला मणी होतो. सात जण माळ मागायला येतात. माळेचे मणी किडे होऊन जमिनीवर पडतात, सात जण पक्षी होऊन ते टिपू लागतात, आणि मुलगा काठी घेतलेला माणूस होऊन सातही जणांना मारतो.

इथे आपली गोष्ट संपली असती. तिबेटी गोष्ट इथे सुरू होते. नागार्जुन म्हणतो, एका जिवासाठी सात जीव गेले, याचं प्रायश्चित्त घे. दूरच्या स्मशानात सिद्धी असलेलं एक प्रेत आहे, ते घेऊन ये. त्याचं अर्धं अंग सोन्याचं, अर्धं पिरोजाचं (कमरेच्या वर काय आणि खाली काय, हे प्रतीप्रमाणे उलटसुलट होतं). ते आणलंस तर लोकांना दीर्घायुष्य आणि धन मिळेल. सोबत कुऱ्हाड, शंभर जण मावतील अशी झोळी, शंभर धाग्यांचा दोर आणि कितीही खाल्ली तरी न संपणारी पोळी. अट एकच: परत येईपर्यंत तोंडातून एक शब्दही काढायचा नाही.

आता भारतीय चौकटीशी फरक पाहा. वेताळ विक्रमाला गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर डोक्याची शकलं होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे राजाची परीक्षा न्यायाची आहे. तिबेटी प्रेत प्रश्नच विचारत नाही. ते नुसती गोष्ट सांगतं, इतकी रंगवून की पोराच्या तोंडून ‘अरेरे!’ किंवा ‘बापरे!’ निसटतं. तेवढ्यावर झोळी रिकामी, प्रेत स्मशानात, आणि पोराला पुन्हा पहिल्यापासून चालायचं.

एका गोष्टीवर हे नीट दिसतं. सोमदेवाच्या कथासरित्सागरात सोमप्रभेची कथा आहे. तिला राक्षस पळवतो. ज्ञानी तिचा ठावठिकाणा सांगतो, विज्ञानी आकाशात चालणारा रथ बनवतो, शूर राक्षसाला मारतो. मुलगी कोणाची? राजा म्हणतो, शूराची. बाकीचे दोघे साधनं होते. निवाडा झाला, कथा मिटली. हीच कल्पना प्रेताच्या गोष्टींत सहा मित्रांची होते: श्रीमंताचा मुलगा, वैद्याचा, चित्रकाराचा, गणित्याचा, सुताराचा आणि लोहाराचा. श्रीमंताच्या मुलाची बायको राजा पळवतो आणि त्याला मारून खडकाखाली पुरतो. गणिती हिशेबाने जागा काढतो, लोहार खडक फोडतो, वैद्य औषधाने त्याला उठवतो, सुतार लाकडाचा गरुड करतो, चित्रकार तो रंगवतो, आणि त्यावर बसून नवरा बायकोला परत आणतो. मग सहाही जण म्हणू लागतात की ती माझी, माझ्यामुळे सुटली. मंगोलियात पोचलेल्या रूपात या ओढाताणीत त्या बाईचे तुकडे होतात. संपली गोष्ट. निवाडा नाही, शिक्षा नाही. ऐकणारा पोरगा एवढंच म्हणतो: अरेरे, बिचारी! आणि प्रेत निसटतं.

तुम्हाला ज्या गोष्टी ‘मध्येच तुटल्यासारख्या’ वाटल्या, त्यांतल्या काही नक्की या चक्रातल्या असणार. अनेक संग्रहांत चौकट गाळून या गोष्टी सुट्या छापलेल्या असतात. ओळखायची खूण अशी की गोष्ट सर्वांत वाईट किंवा सर्वांत नवलाच्या क्षणी थांबते, आणि पुढे कोणी काही समजावत नाही. अशा गोष्टीला शेवटी तात्पर्य चिकटवलं की तिचं कामच बंद पडतं. त्या मुलाची कणव चुकीची नाही, तरीही तिची किंमत त्याला मोजावी लागते. माझ्या मते सगळ्या तिबेटी कथांत याहून खोल जागा नाही: चांगली भावना मनात उमटणं आणि ती तोंडातून बाहेर पडणं यांत किती चालावं लागतं, ते या चौकटीत पावलांनी मोजलं आहे.

जातकांचं वेगळं असतं. ‘थुनपा पुनशी’ हे चित्र तुम्ही पाहिलं असेल: फळांनी लगडलेलं झाड, खाली हत्ती, त्याच्या पाठीवर माकड, माकडावर ससा, सशावर पक्षी. तिबेटी घरांच्या भिंतींवर, कापडांवर, किटलीवर, कुठेही दिसतं. मराठीत याखाली हमखास ‘एकीचे बळ’ असं लिहिलं जातं. ते चुकीचं आहे. एकीचं बळ ही जाळं घेऊन उडालेल्या कबुतरांची गोष्ट. इथे प्रश्न वयाचा आहे. आपल्यात थोरलं कोण, हे ठरवायचं तर प्रत्येकाने सांगायचं की हे झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते केवढं होतं. हत्ती म्हणतो, माझ्या उंचीचं. माकड म्हणतं, माझ्या उंचीचं. ससा म्हणतो, दोन पानांचं रोपटं होतं, त्यावरचं दव मी चाटलं होतं. पक्षी म्हणतो, मी बी खाल्ली होती आणि ती इथे विष्ठेतून पडली, तिचंच हे झाड. मग सर्वांत लहान देहाचा पक्षी सर्वांत वर बसतो.

पाली परंपरेत ही तित्तिर जातक म्हणून 37 व्या क्रमांकावर आहे. तिथे तीनच प्राणी आहेत, ससा नाही. ती सांगण्याचं कारणही तिथे दिलं आहे: तरुण भिक्षूंनी आधी पोचून जागा बळकावल्या आणि ज्येष्ठ शारिपुत्राला झाडाखाली रात्र काढावी लागली. हे कारण कळलं की चित्रातली उतरंड बोलू लागते. बळावर मान ठरत नाही, आधी कोण आलं यावर ठरतो. तिबेटीत ‘पुन’ म्हणजे भावंडं, म्हणून ‘चार मित्र’ म्हणण्यापेक्षा ‘सलोख्याची चार भावंडं’ म्हणा. थोरलं-धाकटं हे नातं त्या शब्दात आपोआप येतं.

दुसरं जातक आपल्या फारच ओळखीचं आहे. सशाच्या पाठीवर पान पडतं आणि तो ‘आभाळ कोसळलं’ म्हणत पळत सुटतो, ती गोष्ट. पालीत ती 322 वी, दद्दभ जातक. तिबेटी कांग्युरमध्ये, म्हणजे बुद्धवचनांच्या भाषांतरित संग्रहात, सहा ससे तळ्याकाठी राहतात आणि बेलाचं फळ पाण्यात पडून ‘चल्’ असा आवाज होतो. ‘चल् आला!’ म्हणून सगळं रान पळतं. अफवेने घाबरण्याला तिबेटीत आजही सशाचा ‘चल्’ म्हणतात. सांगताना घाई होते ती नेमकी सिंहाच्या प्रश्नांपाशी. तुम्हाला नखं आहेत, दात आहेत, पळता कशाला? कोणी सांगितलं? त्याला कोणी? त्याला? एकेक प्राणी मागच्याकडे बोट दाखवत सशांपर्यंत साखळी पोचते आणि सगळे तळ्याकाठी जाऊन फळ पाहतात. ही साखळी पूर्ण, एकही कडी न गाळता सांगा. शिकवण त्या कृतीत आहे. ती वेगळी सांगायची गरज पडत नाही.

बेलावरून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. बेल तिबेटच्या पठारावर उगवत नाही. गोष्टीत बेल, आंबा, हत्ती आला की ती दक्षिणेकडून ग्रंथांच्या वाटेने आलेली आहे असं समजायला हरकत नाही. याक, लांडगा, खिंड, मेंढपाळाचा तंबू आला तर ती बहुधा तिथल्याच मातीतली. यावरून पुस्तकही पारखता येतं. राल्स्टन यांचा 1882 चा इंग्रजी संग्रह शीफनर यांच्या जर्मन भाषांतरावरून केलेला आहे आणि त्यातल्या कथा कांग्युरमधल्या आहेत. ओ’कॉनर यांचा 1906 चा संग्रह 1903-04 च्या ब्रिटिश मोहिमेच्या सुमाराला लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींचा. शेल्टन यांचा 1925 चा संग्रह पूर्वेकडच्या बातांग भागातला. तिन्हींच्या नावात ‘तिबेटी’ असलं तरी एकाच्या मापाने दुसरं मोजलं की गोंधळ होतो.

लबाड जिंकतो त्या गोष्टी बहुतेक याच तोंडी परंपरेतल्या, सशाच्या किंवा आकू तोनपा नावाच्या चलाख माणसाच्या. ‘आकू’ म्हणजे काका आणि ‘तोनपा’ म्हणजे शिकवणारा. हाच शब्द बुद्धासाठीही वापरतात, त्यामुळे तिबेटी कानाला नावातच गंमत ऐकू येते. या काकाच्या कितीतरी गोष्टी चावट आहेत आणि छापताना त्या गाळल्या जातात. चीनमध्ये छापलेल्या संग्रहांत जमीनदाराला फसवणारा काका पुढे येतो. म्हणून एकाच पुस्तकावरून ‘तो गरिबांचा कैवारी’ किंवा ‘तो नुसता वाह्यात’ असं ठरवू नका. त्याच्याकडून नीती शिकायची नसते. बलवानाला त्याचा हावरेपणाच कसा अडकवतो, ती यंत्रणा पाहायची. सशाच्या गोष्टींनाही हेच लागू.

दाखला, म्हणजे ‘पे’, कसा चालतो ते साक्य पंडित या तिबेटी विद्वानाकडे (1182–1251) पाहा. त्याच्या सुभाषितांच्या ग्रंथात 9 प्रकरणं आणि 457 श्लोक आहेत. एका श्लोकात आधी म्हटलं आहे की कपटाने चांगुलपणा पांघरणारा शेवटी स्वतःच फसतो, आणि मग दोन चरणांत गाढव: बिबट्याचं कातडं पांघरून पीक खाल्लं आणि शेवटी दुसऱ्यांच्या हातून मेलं. पंचतंत्रात हेच कातडं वाघाचं आहे. गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असं धरूनच श्लोक चालतो. अशा ठिकाणी पूर्ण गोष्ट टीपेतून शोधावी लागते, नुसत्या श्लोकावर समाधान मानू नका.

आता भक्तीच्या कथा. इथे शहरी वाचक सर्वांत जास्त घसरतो. पाट्रुल रिंपोछे (1808–1887) या तिबेटी गुरूंनी सांगितलेली कोंगपोच्या बेनची गोष्ट घ्या. बेन हा कोंगपो प्रांतातला साधा माणूस ल्हासात जोवोच्या, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध बुद्धमूर्तीच्या दर्शनाला येतो. पुजारी जागेवर नसतो. मूर्तीपुढे तोरमा, म्हणजे त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) आणि लोण्याचा नैवेद्य, आणि लोण्याचे दिवे. बेनला वाटतं, जोवो हा नैवेद्य दिव्यातल्या लोण्यात बुडवून खात असणार, आणि लोणी गोठू नये म्हणूनच वात पेटवली असणार. तोही तसंच खातो. मग मूर्तीकडे पाहून म्हणतो, कुत्र्यांनी तुझं खाणं पळवलं तरी तू हसतोस, वाऱ्याने दिवे फडफडले तरी हसतोस, फार चांगला लामा आहेस. माझे बूट सांभाळ, मी प्रदक्षिणा घालून येतो. पुजारी येऊन बूट फेकायला निघतो तर मूर्तीच बोलते: फेकू नकोस, ते बेनने माझ्याकडे ठेवलेत. जाताना बेन आमंत्रण देतो की पुढच्या वर्षी घरी ये, म्हातारं डुक्कर कापतो, जुनी छांग, म्हणजे जवाची दारू, काढून ठेवतो. वर्षभराने बेनच्या बायकोला नदीत काहीतरी दिसतं. जोवो बुडतोय असं वाटून बेन पाण्यात उडी टाकतो, त्याला ओढून काढतो आणि घराकडे घेऊन निघतो. वाटेत एका मोठ्या खडकापाशी जोवो म्हणतो, मी गृहस्थाच्या घरात जात नाही, आणि खडकात विरघळून जातो.

मराठी वाचकाला नामदेवाचा नैवेद्य आठवेल, आणि ते नातं खरं आहे. तरीही दोन्ही एकच समजू नका. विठ्ठल जेवतो. जोवो येतो, पण उंबऱ्याच्या आत येत नाही. भोळ्या भावाला मूर्ती बोलते, आणि भिक्षूची मर्यादाही सुटत नाही, हे दोन्ही एका खडकापाशी भेटतात. गोष्ट सांगताना तीन चुका होतात. बेनला मूर्ख करून हशा मिळवला जातो, डुक्कर आणि छांग गाळून फराळ घातला जातो, किंवा खडकाचा भाग ‘अलौकिक’ म्हणून कापला जातो. तिन्ही टाळा. बेनची चूक गोष्टीत कोणीही दुरुस्त करत नाही, ही बाब मुद्दाम लक्षात ठेवा.

मराठीत करताना शब्दांची काळजी घ्या. याक हा नर. मादीला ‘द्री’ म्हणतात, त्यामुळे ‘याकचं दूध’ हे ‘बैलाचं दूध’ म्हणण्यासारखं आहे. याक आणि गाय यांच्या संकराला ‘झो’, त्याच्या मादीला ‘झोमो’. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. एकदा असं सांगून पुढे त्साम्पाच लिहा. चहा लोण्या-मिठाचा असतो, तो गोड करू नका. प्रत्येक भिक्षूला ‘लामा’ म्हणू नका. लामा म्हणजे गुरू, साधा भिक्षू ‘त्रापा’. ‘लू’ला नाग हा शब्द छान बसतो, तिबेटींनीच संस्कृत नागासाठी तो वापरला. ‘रोलांग’, शब्दशः उठलेलं प्रेत, हा वेताळाचा जुना तिबेटी प्रतिशब्द. आणि सिंह दिसला की थांबा: तो भारतातून आलेला वनराज आहे की पिरोजी आयाळीचा पांढरा हिमसिंह, हे ठरवून मगच लिहा.

उच्चारांसाठी बोलणारा माणूस शोधा. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि धरमशालेचं तिबेटी ग्रंथालय 1970 पासून चालू आहे. रोमन लिपीतलं स्पेलिंग पाहून देवनागरी लिहिलं की हमखास चुकतं, कारण तिबेटी लेखनातली बरीच अक्षरं उच्चारात येत नाहीत. ‘स्ग्रुंग’ लिहितात आणि ‘डुंग’ म्हणतात.

मुलांसाठी क्रम असा ठेवा: सहा-सात वर्षांपर्यंत ‘चल्’ आणि चार भावंडं, दहाच्या पुढे बेन आणि सशाच्या चलाख्या, बारा-तेरानंतर प्रेताच्या गोष्टी. एका बैठकीत एकच गोष्ट. प्रेताची चौकट पहिल्या दिवशी पूर्ण सांगा, पुढे रोज दोन वाक्यांत आठवण द्या: पोरगा पुन्हा गेला, झोळीत प्रेत भरलं, तोंड घट्ट मिटलं. गोष्ट सर्वांत अवघड जागी आली की तुम्ही थांबा. मुलांपैकी कोणी तरी ‘अरेरे’ म्हणेलच. त्यावर फक्त ‘आणि प्रेत सुटलं’ एवढं म्हणा आणि पुस्तक मिटा.